भिंत फोडण्याआधी राउटरची जागा ठरवा

तुम्ही लिहिलंय की जुन्या टू बीएचकेचं काम काढलंय, दोघांचंही ऑफिस घरूनच, सासूबाई सोबत राहतात, काही दिवे मोबाइलवर चालवायचे आहेत, आणि इंटिरियरवाले म्हणतायत, "आता सगळं वायफायवर चालतं, वेगळ्या वायरी कशाला?" हे शेवटचं वाचून राहवलं नाही. आम्हालाही अगदी हेच सांगितलं होतं.

आमचं काम ज्या फर्मकडे होतं तिचं नाव घेत नाही. त्यांच्या ड्रॉइंगमध्ये टीव्ही युनिटच्या लॅमिनेटचा नंबरसुद्धा होता, पण नेटची केबल घरात कुठून शिरणार आणि राउटर कुठे बसणार याची एक रेघ नव्हती. विचारलं तर, "ते नेटवाला बघेल." कामाच्या टेबलापर्यंत एक पाईप टाका, असा मेल केला. सुपरवायझर म्हणे ऑफिसला विचारा, ऑफिस म्हणे साइटवर सांगा. या टोलवाटोलवीत प्लास्टर झालं, पीओपी झालं. नेटवाला आला तो रंग लागल्यावर. त्याने फायबर हॉलच्या खिडकीतून आत घेतली आणि राउटर टीव्हीमागच्या बंद कप्प्यात ठेवला, कारण प्लग तिथेच होता. टेबल दोन भिंतींपलीकडे, मध्ये आरशाचं वॉर्डरोब. मीटिंगमध्ये आवाज तुटायला लागला की नवरा लॅपटॉप उचलून डायनिंग टेबलावर यायचा आणि सगळं घर कुजबुजत वावरायचं. शेवटी कोऱ्या रंगाच्या भिंतीवर केसिंग पट्टी ठोकून केबल नेली, तर फर्मने त्याचंही वेगळं बिल लावलं. पैशांपेक्षा त्या मेलला उत्तर न देण्याचा राग अजून गेलेला नाही.

म्हणून माझं ठाम मत: वायर आत्ता टाकली नाही तरी चालेल, पाईप टाकाच. मुख्य दारापासून घराच्या मधल्या पॅसेजपर्यंत एक, आणि तिथून दोन्ही टेबलांपर्यंत एकेक. लाइटच्या वायरींपासून वेगळा पाईप, काटकोनी एल्बोऐवजी गोल बेंड, आणि आत ओढायला एक तार सोडलेली. कॅट ६ केबल (नेटची तांब्याची वायर) १०० मीटरपर्यंत सेकंदाला १ गिगाबिट नेते, फ्लॅटला भरपूर झालं. राउटर पॅसेजमध्ये, उंचावर, उघडा. वायफायचे दोन बँड असतात: ५ गिगाहर्ट्झला वेग असतो पण भिंतीआड तो लवकर दमतो, २.४ गिगाहर्ट्झ लांब जातो, पण मायक्रोवेव्ह त्यात खोडा घालतो. लोखंडी कपाट आणि मोठे आरसे दोघांच्याही मुळावर. आणि राउटरचा प्लग इन्व्हर्टरवर घ्यायला सांगा. आमच्याकडे लाइट गेली की पंखे फिरायचे आणि नेट बंद.

मोबाइलवरच्या दिव्यांबद्दल. स्मार्ट स्विचला बहुतेक वेळा बोर्डात न्यूट्रल (विजेची परतीची वायर) लागतो. जुन्या घरात, विशेषतः पलंगाजवळच्या टू-वे बोर्डात (एकच दिवा दोन जागांवरून लावायचा), तो बहुधा नसतो. बिन-न्यूट्रलचे स्विच मिळतात, पण त्यांवर कमी वॅटचे एलईडी कधीकधी बंद केल्यावरही मिणमिणतात. वायरिंग बदलतच आहात तर प्रत्येक बोर्डात न्यूट्रल आणून ठेवा. (मी इलेक्ट्रिशियन नाही. लोड, अर्थिंग, एमसीबीचं तुमच्या परवानाधारक वायरमनलाच विचारा.)

सासूबाईंच्या खोलीत मात्र माझा आग्रह आहे की बटण हे बटणच राहू दे. रात्री उठल्यावर हात सवयीने जिथे जातो तिथे दिवा लागलाच पाहिजे, नेट असो वा नसो. स्मार्ट बल्ब लावून "भिंतीवरचं बटण बंद करू नका" (केलं की बल्ब मोबाइलला दाद देत नाही) असं घरातल्या मोठ्यांना बजावत राहणं मला पटत नाही. स्मार्ट करायचं तर स्विच करा, बल्ब नको. त्यांच्या व्हिडिओ कॉलसाठी खुर्चीच्या बाजूला प्लग आणि टॅबसाठी पक्की फळी द्या. खुर्चीचं तोंड खिडकीकडे हवं, म्हणजे चेहऱ्यावर उजेड येतो. खिडकी पाठीमागे असली की समोरच्याला नुसती काळी आकृती दिसते.

हे सगळं इलेक्ट्रिकल ड्रॉइंगवर काढून घ्या, त्यावर फर्मची सही घ्या, आणि सहीशिवाय भिंतीत पाईपांसाठी झिऱ्या (खाचा) मारायला सुरुवात करू देऊ नका. प्लास्टरच्या आदल्या दिवशी प्रत्येक भिंतीला मोजपट्टी लावून पाईपांचे फोटो काढा. पुढे पडद्याचा रॉड किंवा गीझर बसवताना ड्रिल कुठे मारायचं नाही, ते त्यावरूनच कळतं.