अमेरिकेत तिकीट कोण देतो?

प्रश्न असा आहे: ‘कमला हॅरिस यांना डेमोक्रॅटिक पक्षाचे तिकीट मिळाले’ आणि ‘ट्रम्प यांनी रिपब्लिकन उमेदवारी जिंकली’ अशी दोन्ही प्रकारची वाक्ये मराठी बातम्यांत दिसतात. तिकीट मिळणे आणि उमेदवारी जिंकणे यांत फरक करायचा का? शिवाय डेलिगेट आणि इलेक्टर या दोघांनाही ‘प्रतिनिधी’च म्हणतात, मग नेमके कोण कोणाला निवडते?

फरक जरूर करायचा. आपल्याकडच्या ‘तिकीट’ या शब्दाबरोबर कोणती क्रियापदे येतात ते बघा. तिकीट मागतात, मिळते, देतात, नाकारतात, कापतात, आणि विकतात असा आरोपही होतो. या सगळ्या क्रियापदांमागे एक देणारा उभा आहे. तो म्हणजे पक्षश्रेष्ठी. महाराष्ट्रात तर या देण्याला कागदी रूपही आहे: एबी फॉर्म. निवडणूक आयोगाच्या १९६८ च्या चिन्हविषयक आदेशानुसार पक्षातर्फे सही कोण करणार हे ए फॉर्मवर आणि अधिकृत उमेदवार कोण हे बी फॉर्मवर कळवायचे असते. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी तीन वाजायच्या आत तो कागद हातात पडला नाही, तर दहा वर्षे मतदारसंघ बांधलेला माणूसही ‘इच्छुक’च राहतो. मग तो बंडखोरी करतो, नाहीतर नाराज होऊन घरी बसतो.

अमेरिकेत हा देणारा नाही. तिथे पक्षाचा उमेदवार कोण हे मतदार ठरवतात, आणि तेही मतपत्रिकेवर. म्हणून तिथे उमेदवारी जिंकतात किंवा हरतात. ‘उमेदवारी जिंकली’ हे मराठी कानाला थोडे खटकते हे मान्य, कारण आपल्याकडे जिंकायची ती निवडणूक. पण इथे खटकणेच योग्य आहे. तिकडची गोष्ट वेगळी आहे, हे त्या खटक्यामुळे वाचकाला कळते.

याचे आपल्या घरातले उदाहरण आहे. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०१८ साली मिशिगन राज्याच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक उमेदवारीच्या लढतीत उतरले. प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, ते तिसरे आले आणि ग्रेचेन व्हिटमर जिंकल्या. ‘ठाणेदारांना तिकीट नाकारले’ असे याचे वर्णन केले तर ते साफ चूक ठरेल. नाकारायला कोणी नव्हतेच, मते कमी पडली. पुढे २०२२ मध्ये डेट्रॉइट भागातल्या काँग्रेसच्या (म्हणजे तिथल्या संसदेच्या) जागेसाठी ते पुन्हा प्रायमरीला उभे राहिले. अनेक बड्या स्थानिक नेत्यांचा पाठिंबा दुसऱ्या उमेदवाराला होता. लढत बहुरंगी झाली, मते विभागली गेली, आणि तीस टक्क्यांहून कमी मते घेऊनही ठाणेदारच पहिले आले. नोव्हेंबरची निवडणूक जिंकून ते प्रतिनिधीगृहात गेले. आपल्याकडच्या पद्धतीत, नेते विरोधात असताना अशा माणसाला एबी फॉर्म कोणी दिला असता? २०१६ च्या ट्रम्प यांचेही तसेच. रिपब्लिकन पक्षाचे आदल्या निवडणुकीतले उमेदवार मिट रॉम्नी यांनी त्यांच्याविरुद्ध जाहीर भाषण केले, पक्षातले कितीतरी मातब्बर नाके मुरडत राहिले, आणि तरी उमेदवारी ट्रम्प यांनी नेली.

आता ‘प्रायमरी’ला मराठीत काय म्हणायचे? ‘प्राथमिक निवडणूक’ हा प्रतिशब्द बराच रूढ झाला आहे, पण मला तो आवडत नाही. ‘प्राथमिक’ म्हटले की शाळा, आरोग्य केंद्र किंवा प्राथमिक अंदाज आठवतो. म्हणजे काहीतरी कच्चे, नंतर पक्के होणारे. प्रायमरीतला पराभव मात्र पुरता पक्का असतो. ‘पक्षांतर्गत निवडणूक’ हा शब्द अर्थाच्या जास्त जवळ आहे, पण त्यालाही दोन अडचणी आहेत. एक म्हणजे आपल्याकडे पक्षांतर्गत निवडणूक तालुकाध्यक्ष-जिल्हाध्यक्षांची असते, आणि ती बहुधा ‘बिनविरोध’ पार पडते. दुसरी अडचण मोठी. प्रायमरी ही फारशी ‘अंतर्गत’ नसतेच. मतपत्रिका सरकार छापते, मतदान केंद्रे सरकारी यंत्रणा चालवते. मतदान करण्यासाठी पक्षाच्या सदस्यत्वाची पावती फाडावी लागत नाही. काही राज्यांत मतदार नोंदणी करतानाच आपला पक्ष सांगायचा असतो, आणि मग त्याच पक्षाच्या प्रायमरीत मत देता येते. ठाणेदारांच्या मिशिगनमध्ये मात्र नोंदणीत पक्षाचा रकानाच नाही. कोणीही मतदार कोणत्याही एका पक्षाच्या प्रायमरीत मत देऊ शकतो. याला अंतर्गत कसे म्हणणार? माझे मत असे की सरळ ‘प्रायमरी’ लिहावे आणि पहिल्यांदा आले की ‘पक्षाचा उमेदवार ठरवणारे मतदान’ एवढे जोडावे. आपण ‘बजेट’ पचवले, ‘तिकीट’ही पचवले, ‘प्रायमरी’ने काही अपचन होणार नाही.

उमेदवार ठरवण्याची दुसरी पद्धत म्हणजे ‘कॉकस’, आणि त्याचा घोळ निराळा. शब्द अमेरिकन आणि जुना. पुढे अमेरिकेचे दुसरे अध्यक्ष झालेले जॉन ॲडम्स यांच्या १७६३ च्या रोजनिशीत बॉस्टनच्या कॉकस क्लबची नोंद आहे: धुराने भरलेल्या माडीवर बसून शहराचे कारभारी आधीच ठरवून टाकणारी मंडळी. आपल्याकडे हा शब्द गाजला तो आणीबाणीत, संजय गांधींच्या भोवतीच्या वर्तुळासाठी, आणि मराठीत त्याचे झाले ‘कोंडाळे’. आयोवा राज्यातल्या कॉकसच्या बातमीत कोंडाळे चालणार नाही. तिथला कॉकस म्हणजे शाळेच्या सभागृहात, ग्रंथालयात किंवा चर्चमध्ये थंडीच्या रात्री भरणारी मोहल्ल्यातल्या मतदारांची सभा. रिपब्लिकन तिथे चिठ्ठीवर नाव लिहितात. डेमोक्रॅट २०२० पर्यंत सभागृहात आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहत, आणि ज्याच्या कोपऱ्यात बहुतेक ठिकाणी १५ टक्केसुद्धा माणसे जमली नाहीत त्याच्या समर्थकांना दुसरीकडे ओढायला एकच झुंबड उडे. ‘प्रभागसभा’ हा शब्द मला त्यातल्या त्यात बरा वाटतो.

हे सारे नेहमीच असे नव्हते. १९६८ मध्ये ह्युबर्ट हम्फ्री एकही प्रायमरी न लढवता शिकागोच्या अधिवेशनात डेमोक्रॅटिक उमेदवार झाले. आत नेत्यांची जुळवाजुळव, बाहेर रस्त्यावर व्हिएतनाम युद्धाच्या विरोधकांवर पोलिसांच्या लाठ्या. त्या गदारोळानंतर पक्षाने नियम बदलले आणि १९७२ पासून प्रायमरी-कॉकसना आजचे वजन आले. म्हणजे हम्फ्री यांना उमेदवारी ‘मिळाली’ म्हणणेच रास्त. हॅरिस यांचेही तसेच. २१ जुलै २०२४ रोजी बायडेन यांनी माघार घेतली तेव्हा प्रायमरी आटोपल्या होत्या, आणि त्या जिंकल्या होत्या बायडेन यांनी. प्रायमरीतून त्यांच्यासाठी निवडून आलेले डेलिगेट, म्हणजे पक्षाच्या अधिवेशनात उमेदवारीसाठी मत देणारे लोक, मोकळे झाले, हॅरिस यांच्यामागे उभे राहिले, आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात अधिवेशन भरायच्या आधीच ऑनलाइन मतदानाने उमेदवारी त्यांच्या नावावर झाली. त्यामुळे तुम्ही वाचलेल्या दोन वाक्यांतली क्रियापदे योगायोगाने दोन्ही बरोबर आहेत! तक्रार आहे ती ‘तिकीट’ या नामाबद्दल.

कारण तिकीट हा शब्द अमेरिकेच्या राजकारणातही आहे, आणि त्याचा अर्थ वेगळा आहे. एकोणिसाव्या शतकात बराच काळ तिथे सरकारी मतपत्रिका नव्हत्या. प्रत्येक पक्ष आपल्या सगळ्या उमेदवारांची यादी छापून वाटे आणि मतदार ती चिठ्ठीच पेटीत टाके. त्या यादीला तिकीट म्हणत. सरकारने छापलेल्या गुप्त मतपत्रिका १८८८ नंतर एकेका राज्यात रुळल्या, पण शब्द राहिला. आज अध्यक्षपदाच्या संदर्भात तिकीट म्हणजे अध्यक्ष आणि उपाध्यक्ष या पदांच्या उमेदवारांची जोडी. ट्रम्प आणि व्हान्स हे एक तिकीट. मराठीत मी इथे ‘जोडी’ हाच शब्द वापरेन. गंमत अशी की आपल्या अर्थाचे तिकीट त्या जोडीतल्या दुसऱ्यालाच मिळते. उपाध्यक्षपदाच्या उमेदवाराची निवड अध्यक्षपदाचा उमेदवार करतो, अधिवेशन त्यावर शिक्का मारते. १५ जुलै २०२४ ला ट्रम्प यांनी जे. डी. व्हान्स यांचे नाव जाहीर केले. ‘व्हान्स यांना तिकीट मिळाले’ असे कोणी लिहिले तर मी हरकत घेणार नाही.

आता ‘प्रतिनिधी’. हा शब्द एकाच बातमीत तीन कामे करताना मी पाहिला आहे. डेलिगेटही प्रतिनिधी, इलेक्टरही प्रतिनिधी, प्रतिनिधीगृहाचा सदस्यही प्रतिनिधी. बातमीच्या सुरुवातीला ‘आमच्या प्रतिनिधीकडून’ असेल तर चार. यातले डेलिगेट आणि इलेक्टर यांची गल्लत सर्वांत जास्त होते आणि सर्वांत घातक तीच. डेलिगेट पक्षाचा उमेदवार ठरवतो, इलेक्टर देशाचा अध्यक्ष. डेलिगेट उन्हाळ्यात पक्षाच्या अधिवेशनात जमतात, टोप्या घालून, फलक नाचवत. २०२४ मध्ये रिपब्लिकनांचे २,४२९ होते आणि उमेदवारीला १,२१५ लागत होते. इलेक्टर सगळे मिळून ५३८. ते एका ठिकाणी कधी जमतच नाहीत. डिसेंबरात प्रत्येक राज्याचे इलेक्टर आपापल्या राज्यात भेटतात, मत देतात आणि घरी जातात. डेलिगेटला ‘अधिवेशन-प्रतिनिधी’ म्हणता येईल. इलेक्टरला मात्र प्रतिनिधी म्हणूच नये.

मग काय म्हणावे? कोशात ‘निर्वाचक’ आहे आणि इलेक्टोरल कॉलेजला ‘निर्वाचकगण’ किंवा ‘निर्वाचक मंडळ’. आपला राष्ट्रपतीही राज्यघटनेच्या अनुच्छेद ५४ नुसार अशाच मंडळाकडून निवडला जातो, त्यामुळे कल्पना नवी नाही. फरक एवढाच की आपल्याकडे ते काम खासदार-आमदार करतात, अमेरिकेत खासदाराला इलेक्टर व्हायला घटनेनेच मनाई आहे. पण महाराष्ट्रात ‘निर्वाचकगण’ लिहिताना जपून. जिल्हा परिषदेचा गट आणि पंचायत समितीचा गण हे ज्याच्या रोजच्या बोलण्यात आहे, तो ‘पेनसिल्व्हेनियाच्या निर्वाचक गणात १९’ असे वाचून महिला आरक्षण पडले का, असे विचारेल. ‘निर्वाचक मंडळ’ सुरक्षित. कॉलेज म्हणजे इथे महाविद्यालय नव्हे हेही त्यातून आपोआप कळते.

५३८ चा हिशेब सोपा आहे: प्रतिनिधीगृहाचे ४३५, सिनेटचे १०० आणि राजधानी वॉशिंग्टनला १९६१ च्या घटनादुरुस्तीने मिळालेले ३. जिंकायला २७०. मेन आणि नेब्रास्का सोडून सगळीकडे राज्यात ज्याला एक मत जास्त, त्याला त्या राज्यातली सगळी निर्वाचक मते. २००० साली फ्लोरिडा बुश यांनी ५३७ मतांनी घेतले आणि तिथली २५ निर्वाचक मते खिशात घालून २७१ वर पोहोचले. देशभरात अल गोर यांना पाच लाखांहून जास्त मते अधिक होती. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना सुमारे २९ लाख मते जास्त पडूनही ट्रम्प अध्यक्ष झाले.

त्या वर्षी आणखी एक प्रकार झाला, ज्याला नाव द्यायला मराठी अगदी सज्ज आहे. सात इलेक्टरांनी ठरलेल्या उमेदवाराला मत दिले नाही, म्हणून ट्रम्प ३०६ ऐवजी ३०४ वर आणि क्लिंटन २३२ ऐवजी २२७ वर थांबल्या. अशा इलेक्टरला ‘अविश्वासू’, ‘श्रद्धाहीन’ असले काहीतरी लिहिलेले दिसते. विधान परिषदेच्या निवडणुका पाहिलेल्या माणसाला हे सांगायला हवे का? मते फुटली! तो ‘फुटीर इलेक्टर’. २०२० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना अशा फुटीरांना बांधून ठेवण्याची मुभा एकमताने दिली.

देशभरच्या एकूण मतांसाठी ‘लोकमत’ वापरू नका. लोकमत म्हणजे लोकांची धारणा, ते मोजता येत नाही. ‘एकूण मते’ पुरे. स्विंग स्टेट्सना, म्हणजे कधी या तर कधी त्या पक्षाकडे झुकणाऱ्या राज्यांना, ‘दोलायमान राज्ये’ म्हटले की भूकंप झाल्यासारखे वाटते. ‘काठावरची राज्ये’ म्हणा. काठावर पास होणे सगळ्यांना माहीत आहे.

आणि ‘अध्यक्षीय निवडणूक’? ‘अध्यक्षीय’ हे विशेषण भाषणाला किंवा राज्यपद्धतीला शोभते. निवडणूक पदाची असते, म्हणून ‘अध्यक्षपदाची निवडणूक’. हिंदीत अमेरिकेचाही राष्ट्रपती आणि भारताचाही राष्ट्रपती. मराठीने मात्र अमेरिकेसाठी ‘अध्यक्ष’ किंवा ‘राष्ट्राध्यक्ष’ वेगळा ठेवला आहे. हिंदी बातमीवरून घाईने मजकूर उतरवताना ‘राष्ट्रपती ट्रम्प’ आत शिरतात, त्यांना दारातच अडवा.