मच्छीमारांच्या वस्तीत पहिलं सर्वेक्षण करताना

प्रश्नावली उघडून थेट ‘महिन्याचं उत्पन्न किती?’ असं विचारू नकोस. छोट्या होडीची कमाई रोज वेगळी; आकडा सांगितलाच, तर तो तुला वाटेला लावण्यासाठी. त्यापेक्षा कालची फेरी विचार: डिझेल किती जळलं, बर्फ किती लागला, मासळी कुणाला काय भावाने गेली, होडीचा वाटा काढून खलाशांच्या हाती काय उरलं. उधारीचा विषय ओळख झाल्यावरच काढ. व्यापाऱ्याकडून उचल घेतलेली असेल, तर बहुतेकदा मासळी त्यालाच, तो म्हणेल त्या भावाने द्यावी लागते. मग मासेमारीबंदीच्या काळातही होडी पाण्यात का जाते, हे आपोआप उलगडतं.

बायकांना वगळून केलेलं सर्वेक्षण मी तरी अर्धंच धरतो. जगभरात लघु मासेमारीच्या, म्हणजे मासळी पकडण्यापासून विकण्यापर्यंतच्या, साखळीत दर 10 जणांत सुमारे 4 स्त्रिया असतात, असं एफएओचा (संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा) 2023 चा अहवाल सांगतो. पण ‘तुम्ही मासेमारी करता का?’ विचारलंस, तर त्यातल्या कितीतरी जणी सरळ ‘नाही’ म्हणतील. विक्री, सुकवणं, शिंपले वेचणं, असं एकेक काम विचार.

आणि हो, भरती-ओहोटी बघून जा. होडी लागताना कुणालाच फुरसत नसते; जाळी दुरुस्त करायला बसलेली माणसं मात्र तासभर बोलतात.