समलिंगी आणि तृतीयपंथी लोकांचे आरोग्याचे प्रश्न वेगळे का मानायचे? आजार तर सगळ्यांना सारखेच होतात ना?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की तुम्ही एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला आहात, पुढं इंटर्नशिपला ओपीडीत बसायचंय, आणि तुमचे मित्र म्हणतात की पेशंट तो पेशंट, हे वेगळं शिकायची काय गरज. मित्रांचं अर्धं बरोबर आहे. उरलेलं अर्धं माझ्या तळहातांवरून सांगतो.

मी गे आहे, वय ४१, मूळचा सोलापूरकडचा. २०११ साली पुण्यात अकाउंट्समध्ये नोकरीला होतो. एक दिवस अंघोळ करताना दिसलं की दोन्ही तळहातांवर तांबूस डाग आलेत, खाज नाही, दुखणं नाही, काही नाही. दोन दिवसांनी तळपायांवर पण. गल्लीच्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे गेलो, माणूस एकदम सज्जन, त्यांनी हात उलटेपालटे करून बघितले, साबण बदलला का विचारलं, मासे-बिसे खाल्ले का विचारलं आणि मग विचारलं, "लग्न झालंय?" मी म्हटलं, नाही. झालं, विषय संपला. ॲलर्जीच्या गोळ्या लिहून दिल्या, आठवडाभर झोप फार छान लागली आणि महिन्याभरात डाग गेले पण. मी खूश, डॉक्टरही खूश.

तुम्ही एव्हाना ओळखलं असेल. सिफिलिसची, म्हणजे शरीरसंबंधातून होणाऱ्या एका आजाराची, दुसरी स्टेज. ते डाग औषध न घेताही आपोआप जातात आणि आजार आत तसाच राहतो, म्हणून ॲलर्जीच्या गोळीला फुकटचं श्रेय मिळालं. सात-आठ महिन्यांनी एका संस्थेच्या कॅम्पमध्ये मित्राच्या आग्रहामुळं तपासणीला रक्त दिलं, व्हीडीआरएल ही सिफिलिसची टेस्ट पॉझिटिव्ह आली, पुढची टेस्टही आली, आणि पेनिसिलिनच्या एका डोसात काम झालं. एवढं स्वस्त औषध. ते मला सात-आठ महिने मिळालं नाही कारण आपल्याकडं "लग्न झालंय का" हा एकच प्रश्न सेक्शुअल हिस्ट्री म्हणून चालतो. आणि त्या सात-आठ महिन्यांत माझे संबंध चालू होते, म्हणजे आजार माझ्याकडून पुढं गेला असू शकतो, हे पण सांगायला पाहिजे, ते आठवलं की अजून पोटात कसंतरी होतं.

आता तुम्ही म्हणाल, तुम्हीच का नाही सांगितलं? बरोबर आहे, पण त्या दवाखान्याचा कंपाउंडर माझ्या घरमालकांचा भाचा होता, मधे फक्त हिरवा पडदा, आणि तेव्हा समलैंगिक संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चं भिजत घोंगडं सुप्रीम कोर्टात पडलेलं. तो गुन्हा निघाला सप्टेंबर २०१८ मध्ये. रूम जाईल या भीतीनं माणूस डाग लपवतो.

नंतर मी सहा वर्षं एका एचआयव्ही प्रकल्पात आउटरीचचं काम केलं, म्हणजे लोकांना शोधायचं, गप्पा मारायच्या, तपासणीला घेऊन जायचं. तेव्हा हाच प्रश्न वेगवेगळ्या दारांत बघितला. एक मैत्रीण, बारा वर्षं बाईसोबतच राहते, नवरा-बायकोसारखा संसार. स्त्रीरोगतज्ज्ञांनी "मॅरिड?" विचारलं, ती नाही म्हणाली, म्हणून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी झालीच नाही. तिचं वय ३८, आपल्याकडं तिशीनंतर ती तपासणी करायची असते, आणि तो कर्करोग करणारा एचपीव्ही विषाणू कातडीच्या संपर्कानं पसरतो, त्याला मंगळसूत्र लागत नाही. शिवाय कॉलेजात तिला बॉयफ्रेंड होता, पण ते विचारलं कुणी?

आणि तृतीयपंथी लोकांचं तर गाडं केस पेपरच्या खिडकीवरच अडतं. माझ्यासोबत एक जण होती, मांडीला मोठं गळू, ताप, तीन आठवडे अंगावर काढलेलं. खिडकीतून आधारवरचं पुरुषाचं नाव जोरात पुकारलं, साडी नेसलेली ती उठली आणि अख्खी लाईन वळून बघायला लागली. पुढं ॲडमिट करायचं ठरलं तेव्हा कुठल्या वॉर्डात यावर पाऊण तास चर्चा, तिच्यासमोर, स्ट्रेचरच्या दोन्ही बाजूंनी. शेवटी पुरुषांच्या वॉर्डात दाराजवळची कॉट दिली, रात्री तिथं जो तो येऊन डोकावून जायचा. दुसऱ्या दिवशी ती न सांगता निघून गेली. फाइलवर लिहिलं असणार, पेशंट पळाला.

हिच्याच गुरूभगिनीचा, म्हणजे एकाच गुरूच्या दुसऱ्या चेलीचा, पाय सुजला होता. डॉक्टरांनी विचारलं, काही गोळ्या चालू आहेत? नाही म्हणाली. ती रोज गर्भनिरोधक गोळ्या चार-चार खायची, छाती यावी म्हणून, मेडिकलमधून आणून, कुणाच्या तरी ऐकीव हिशोबानं. तिच्या लेखी ते औषधच नव्हतं. तशा डोसात रक्ताची गुठळी व्हायचा धोका वाढतो हे तुम्हाला फार्मॅकोलॉजीत शिकवतात, फक्त हे साडीतल्या पेशंटला विचारायचं असतं हे शिकवत नाहीत. हार्मोन्स नीट देणारे डॉक्टर मोजके, सर्जरी खासगीत लाखांत, मग माणूस मैत्रिणीलाच डॉक्टर करतो.

आकडे हवे असतील तर नॅकोचे, म्हणजे सरकारच्या एड्स नियंत्रण संस्थेचे, २०२१ चे बघा. देशात प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण साधारण ०.२ टक्के, पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांमध्ये ३.२६ टक्के, तृतीयपंथीयांमध्ये ३.७८. हे वाचून लोक म्हणतात बघा, हे लोकच तसले. आता गुदमैथुनात लागण लवकर होते हे शरीरशास्त्र आहे, पण ओळखीच्या छोट्या वर्तुळातच सगळे संबंध, पोलिसाच्या भीतीनं खिशात कंडोम ठेवायची चोरी, घरच्यांच्या दबावानं लग्न झालेलं म्हणून केंद्रावर जायची चोरी, हे कुठल्या शरीरशास्त्रात बसतं? लवकर तपासणी, एचआयव्हीची रोजची गोळी आणि व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, दबलेलं असेल तर संबंधातून पुढं लागण होत नाही, हे आता पक्कं आहे. म्हणजे तो आकडा खाली आणायची किल्ली लोकांना घाबरवण्यात नाहीये, त्यांना आत यायला लाज वाटू नये यात आहे.

मानसिक आरोग्याबद्दल थोडक्यात. सततच्या सावधपणाचा माणसाला काय त्रास होतो याला इलान मायर या अमेरिकेतल्या संशोधकांनी २००३ मध्ये अल्पसंख्याक असण्याचा ताण म्हणून मांडलं, शोधून वाचा. तुमच्याकडं कधीतरी आई-बाप मुलाला घेऊन येतील आणि म्हणतील, डॉक्टर, याला बरा करा. समलैंगिकता आजारांच्या यादीतून डब्ल्यूएचओनं १९९० लाच काढली आणि "बरं करण्याची" असली थेरपी करणं हे नॅशनल मेडिकल कमिशननं २०२२ मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. गंमत अशी की याच कमिशनच्या फॉरेन्सिकच्या अभ्यासक्रमात ऑगस्ट २०२४ ला लेस्बियन असणं परत "अनैसर्गिक गुन्ह्यां"त घुसलं होतं, आरडाओरडा झाल्यावर सप्टेंबरात मागं घेतलं. तुमच्या सिनियरच्या नोट्स जपून वाचा एवढंच.

बरं, उपाय. योजना आहेत. २०१९ च्या तृतीयपंथी कायद्यात हार्मोन्स, सर्जरी, विमा यांची जबाबदारी सरकारवर टाकलीये, २०२२ मध्ये आयुष्मान भारतमधून वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या कव्हरचा करारही झाला. कागद चांगला आहे, पण हे करणारं हॉस्पिटल तुमच्या जिल्ह्यात सापडलं पाहिजे. मुंबईत जीटी हॉस्पिटलला २०२३ मध्ये ३० खाटांचा वेगळा वॉर्ड निघाला, चांगलंच झालं, पण बार्शीच्या पेशंटला त्याचा काय उपयोग. आणि खास तृतीयपंथीयांसाठीची मित्र क्लिनिक, पहिलं हैदराबादला २०२१ मध्ये, मग कल्याण आणि पुण्यात, ही अमेरिकेच्या पैशावर चालायची, जानेवारी २०२५ मध्ये तिकडून पैसा थांबला आणि दारं बंद. हैदराबादचं नंतर वेगळ्या नावानं टाटा ट्रस्ट्सच्या मदतीनं उघडलं. पण एखाद्या जमातीचं बीपी आणि हार्मोन परदेशातल्या निवडणुकीवर अवलंबून राहणं हे मला तरी पटत नाही, हे सिव्हिल हॉस्पिटलातच व्हायला पाहिजे, नेहमीच्या ओपीडीत, नेहमीच्या केस पेपरवर.

म्हणून मला योजनांपेक्षा तुमच्याकडून जास्त आशा आहे, खरंच. "लग्न झालंय का" च्या जागी "कुणाशी शरीरसंबंध आहेत का, पुरुषाशी, बाईशी, दोघांशी?" असं सगळ्यांना विचारा, शुगर-बीपी विचारता त्याच सुरात, आणि नातेवाईकांना आधी बाहेर काढा. लग्न झालेल्यांना पण विचारा, आमचे निम्मे क्लायंट बायका-पोरंवाले होते. नाव पुकारायच्या आधी हळूच विचारा, काय म्हणून हाक मारू? वॉर्ड कुठला तेही तिलाच विचारा, तिच्यासमोर तिच्याबद्दल चर्चा करू नका. गोळ्या विचारताना "हार्मोनच्या किंवा मेडिकलमधून स्वतः आणलेल्या" हे शब्द वापरा. एचआयव्हीचा धोका झाला असेल तर पेप, म्हणजे लागण टाळायची नंतरची औषधं, ७२ तासांच्या आत सुरू करावी लागते आणि प्रेप नावाची आधीच घ्यायची गोळी असते हे माहीत असू द्या, एचआयव्हीच्या माहितीला १०९७ आणि मनाच्या त्रासाला टेलिमानसचा १४४१६ हे नंबर टेबलाच्या काचेखाली ठेवा. आणि आयसीयूबाहेर एखादा माणूस "मी मित्र आहे" म्हणून दोन रात्री बसला असेल तर त्याला फक्त मित्र समजून हाकलू नका. जवळचे नातेवाईक नसतील तर जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेता यावा असं पत्र केंद्राच्या आरोग्य खात्यानं ऑगस्ट २०२४ मध्ये राज्यांना पाठवलंय. मेल्यावरची सोय झाली, जिवंतपणी उपचाराच्या संमतीवर जोडीदाराच्या सहीचं अजून प्रत्येक हॉस्पिटल आपापलं बघतं.

आणि हो, ते पेनिसिलिनचं इंजेक्शन, २४ लाख युनिटचं, अर्धं डावीकडं अर्धं उजवीकडं देतात, ते प्रचंड दुखतं. पेशंटला आधी सांगा. मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी त्या दिवशी स्कूटर घेऊन आलो होतो.