दोन वर्षं वाचली, ती कुणाची?

«नमस्कार मॅडम. आम्ही सिॲटलजवळ राहतो. माझं माहेर सातारा, सासर सांगली. लेक सोळा वर्षांची आहे. तिसरीत असताना शाळेनं तिला एक इयत्ता पुढे ढकललं. तिला वनस्पतिशास्त्राची ओढ आहे. आता अकरावीत आहे आणि ‘रनिंग स्टार्ट’मधून, म्हणजे हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजचे कोर्स करू देणाऱ्या योजनेतून, कम्युनिटी कॉलेजात जाते. असंच चाललं तर सतराव्या वर्षी हायस्कूल आणि दोन वर्षांची असोसिएट डिग्री एकदमच होईल आणि एकोणिसाव्या वर्षी बॅचलर. तिच्या बाबांचं म्हणणं, झेपतंय तर होऊ दे. साताऱ्यात आजोबांनी सकाळच्या फिरण्याच्या ग्रुपमध्ये सगळ्यांना सांगूनही टाकलंय. मला मात्र धास्ती वाटते. शनिवार-रविवार ती घरातच असते. तिला कुणाचा फोन येत नाही, ती कुणाला करत नाही. विचारलं तर म्हणते, ‘आई, वेळ कुठे आहे?’ तिला थांबवावं का?»

ताई, तुमच्या पत्रात दोन काळज्या एकमेकींत गुंतल्या आहेत. एवढ्या लहान वयात एवढा अभ्यास तिला पुढे बाधेल का, ही एक. आत्ता तिला मैत्रिणी नाहीत, ही दुसरी. त्या सोडवून वेगवेगळ्या बघू.

पहिली काळजी बरीच हलकी करता येईल. अमेरिकेत ज्युलियन स्टॅन्ली नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी 1971 मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गणितात फार हुशार असलेल्या मुलांचा अभ्यास सुरू केला आणि तो पुढे कित्येक दशकं चालला. इयत्ता गाळलेल्या, लवकर कॉलेजात गेलेल्या त्या मुलांचा 35 वर्षांचा पाठपुरावा 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. अभ्यासात पुढे गेल्यामुळे मोठेपणी त्यांचं मानसिक स्वास्थ्य बिघडल्याचं त्यात दिसलं नाही. ती मुलं अगदी वेचक होती, त्यामुळे प्रत्येक हुशार मुलाला हा निष्कर्ष जसाच्या तसा लावायचा नाही. पण ‘लवकर शिकली म्हणजे पुढे काहीतरी बिघडणार’ हे भय मनातून काढायला एवढं पुरेसं आहे. तुमच्या लेकीला अभ्यास झेपतोय, तर त्या अभ्यासाला दोष देऊ नका.

दुसरी काळजी मात्र खरी आहे, आणि तिचं कारण तिच्या वेळापत्रकातच आहे. रनिंग स्टार्टमध्ये पूर्ण वेळ गेलेलं मूल हायस्कूलमध्ये जवळजवळ दिसत नाही. डबा खायची सुट्टी, गॅलरीतल्या गप्पा, बँडची प्रॅक्टिस, यातलं काही त्याच्या वाट्याला येत नाही. कम्युनिटी कॉलेजात शेजारच्या बाकावर नोकरी सांभाळून आलेला तिशीतला माणूस असतो, नाहीतर लेकराला पाळणाघरात सोडून आलेली आई. ती माणसं चांगलीच असतात, पण तास संपला की गाडीत बसून निघून जातात. त्यातून तुमची लेक वर्गातल्या मुलांपेक्षा आधीच एका वर्षानं लहान. म्हणजे ती ना इथली, ना तिथली. अशा ठिकाणी कितीही बोलकं मूल एकटं पडेल. तिच्या स्वभावात खोट शोधत बसू नका.

यावर उपाय करता येतो, कारण ही योजना सगळंच्या सगळं घ्या नाहीतर सोडा अशी नाही. काही तास हायस्कूलमध्ये आणि काही कॉलेजात असंही करता येतं. ऑस्ट्रेलियातला टेरेन्स ताओ, ज्याला पुढे 2006 मध्ये गणितातलं फील्ड्स पदक मिळालं, तो नऊ-दहा वर्षांचा असताना विद्यापीठाचं गणित शिकत होता आणि बाकीच्या विषयांसाठी शाळेत जात होता. पूर्ण वेळ विद्यापीठात जायची घाई त्याच्या आईवडिलांनी केली नाही. ज्या विषयात पाय धावतात त्यात धावू दिलं, बाकीच्यात चालू दिलं. एवढं करूनही तो सोळाव्या वर्षी पदवीधर झालाच.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या घरात ‘क्रेडिट्स लवकर झाली’ आणि ‘कॉलेजातून लवकर बाहेर पडायचं’ हे एकच धरून चाललं आहे. ते एक नाही. तुमच्या राज्यात बॅचलरला साधारण 180 क्वार्टर क्रेडिट्स (तिमाही सत्रांचे श्रेयांक) लागतात आणि असोसिएटमध्ये 90 होतात. कागदावर निम्मं अंतर संपलं. पण विज्ञानाच्या विषयांत एकावर एक अवलंबून असलेल्या कोर्सेसची साखळी असते. रसायनशास्त्राच्या तीन पायऱ्या झाल्याशिवाय पुढचं दार उघडत नाही, हातात क्रेडिट्स कितीही असोत. तुम्ही लिहिलंय की तिला वनस्पतिशास्त्राची ओढ आहे. मग तिची खरी गरज आहे प्रयोगशाळेतल्या वेळेची. पुढे पीएचडी करायची तर अर्जाला बहुतेक ठिकाणी तीन शिफारसपत्रं लागतात, आणि खरं वजन असलेलं पत्र तोच प्राध्यापक लिहू शकतो ज्यानं तिला वर्षभर हाताखाली काम करताना पाहिलंय. दोन वर्षांत डिग्री आटोपणाऱ्या मुलीच्या हाती मध्ये एकच उन्हाळा येतो. चांगल्या इंटर्नशिप आणि संशोधनाच्या जागा बहुतेक उन्हाळ्यातच असतात. पहिल्या उन्हाळ्यात अजून तिचं नावही कुणाला माहीत नसतं आणि दुसऱ्या उन्हाळ्यात ती टोपी-गाऊन घालून बाहेर पडलेली असते.

लोकांत मिसळण्याचं गणितही तसंच आहे. सतराव्या वर्षी ती कॅम्पसवर राहायला गेली तर घरभाड्याच्या करारावर स्वतः सही करून भागत नाही, डॉक्टरकडेही बऱ्याच बाबतींत तुमची संमती लागते. उलट तिचे मार्क मात्र कॉलेज तुम्हाला आपणहून कळवणार नाही, कारण कॉलेजात गेल्यावर वय कितीही असलं तरी शैक्षणिक नोंदींचा हक्क विद्यार्थ्याकडे जातो. हा घोळ वर्षभरात सुटतो. त्याहून अवघड काळ एकोणिसाव्या वर्षी येतो. ऑफिसात सगळे सहकारी सव्वीस ते पन्नासचे. संध्याकाळी मंडळी जिथे बसतात तिथे एकवीस पुरं झाल्याशिवाय हिला काही घेता येत नाही. तिच्या वयाच्या मुली अजून वसतिगृहात रात्री दोनपर्यंत गप्पा मारताहेत. पंचविशीत हा फरक पुसला जातो, हे खरं. पण एकोणीस ते बावीस ही वर्षं जन्माच्या मैत्रिणी मिळण्याची असतात, आणि ती कुठे, कुणाबरोबर गेली याला महत्त्व आहे.

साताऱ्यात राहून, इथल्या कॉलेजात शिकवून माझी याबद्दल ठाम मतं झाली आहेत. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये काल्याला रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. 1927 मध्ये गांधीजी आले, त्यांच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचं नाव दिलं गेलं. वेगवेगळ्या जातींची मुलं तिथे एकत्र राहायची, एकत्र स्वयंपाक करायची, एका पंगतीत जेवायची. शिकवणी तर बोर्डिंगशिवायही देता आली असती. भाऊरावअण्णांना मुलांचं एकत्र राहणं हाच शिक्षणाचा भाग करायचा होता. पाटण, जावळी, माणच्या वाड्यावस्त्यांवरून एसटीनं आलेली मुलं होस्टेलच्या खोलीत एकमेकांकडून काय शिकतात, हे मी वर्षानुवर्षं पाहिलंय. पदवीच्या कागदावर त्याचे गुण येत नाहीत, पण माणूस त्यावरच उभा राहतो. तुमच्या लेकीला ते मिळावं, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून माझा सल्ला असा: क्रेडिट्स जमवू द्या, पण विद्यापीठात दोनऐवजी निदान तीन वर्षं राहू द्या. युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन रनिंग स्टार्टच्या मुलांचा अर्ज फर्स्ट-इयर म्हणूनच घेते, मग क्रेडिट्स कितीही असोत. तर तिलाही फर्स्ट-इयरसारखंच जाऊ द्या, फर्स्ट-इयरच्या वसतिगृहात, फर्स्ट-इयरच्या मुलींबरोबर. क्रेडिट्स हाताशी असल्यानं तिला प्रत्येक क्वार्टरला गळ्यापर्यंत कोर्स घ्यावे लागणार नाहीत. तो मोकळा वेळ प्रयोगशाळेला जाईल, एखाद्या क्लबला जाईल, काही नुसत्या गप्पांना जाईल. तेही हवंच.

आणि एक सुचवते. परदेशातली आपली मुलं गावी येतात ती उन्हाळ्याच्या सुट्टीत नाहीतर डिसेंबरात. कास पठार मुख्यतः सप्टेंबरात फुलतं, तेव्हा त्यांची शाळा सुरू झालेली असते. वनस्पतींचं वेड असलेल्या साताऱ्याच्या नातीनं कास ऐन बहरात पाहिलेलं नसणं मला फार चुकचुकतं. वाचलेल्या वेळातला एक फॉल क्वार्टर तिनं आजोळी काढावा. इथल्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांबरोबर पठारावर जावं, नोंदी कराव्या, आठवड्याला एक दिवस सांगलीच्या आजीकडे जाऊन यावं. मध्ये एक टर्म बाहेर राहायचे नियम विद्यापीठागणिक वेगळे असतात, ते आधी विचारून घ्या.

लवकर बाहेर पडण्याला सबळ कारण असेल, तर मात्र मी अडवणार नाही. पैसा हे कारण असू शकतं. राज्यातल्या मुलांना युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये वर्षाची ट्यूशन साधारण 13 हजार डॉलर पडते आणि राहणं-खाणं धरून खर्च 30 हजारांच्या पुढे जातो. घरात नोकरीचा भरवसा नसेल, धाकट्याचंही कॉलेज तोंडावर असेल, तर एक वर्ष कमी करणं शहाणपणाचं आहे. पण रनिंग स्टार्टमध्ये ट्यूशन माफ असल्यानं तुमचं मोठं ओझं आधीच उतरलंय. तीन वर्षं धरली तरी चारच्या मानानं एका वर्षाचा खर्च वाचतोच. दुसरं कारण व्हिसाचं. तुम्ही त्याबद्दल लिहिलेलं नाही. ती एच-४ वर, म्हणजे आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर, असेल तर एकविसाव्या वर्षी तो संपतो. त्यावर मुलांना पगारी कामही करता येत नाही, आणि पदवीनंतर ओपीटी (काही काळ काम करायची परवानगी) हवं असेल तर अर्ज करताना एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा असावा लागतो. तेव्हा किती वर्षांत पदवी, हे ठरवण्याआधी कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात आणि एका चांगल्या वकिलाकडे बसून तारखा लावून घ्या. एफ-१ वर असताना मध्येच टर्म सोडणंही सोपं नसतं, म्हणजे कासचा बेतही त्यातच तपासायला हवा.

राहता राहिले आजोबा. त्यांचा अभिमान समजून घ्या. त्यांच्या पिढीतल्या कितीजणांच्या दाखल्यावर 1 जून ही जन्मतारीख गुरुजींनीच घातलेली असते. वय आणि इयत्ता यांचं गणित तेव्हा जुळवून घेतलं जायचं, आणि लवकर शिकून लवकर कमावतं होणं घराच्या पोटाचा प्रश्न होता. नात एकोणिसाव्या वर्षी पदवीधर होणार हे त्यांच्यासाठी खूप मोठं आहे. शिवाय ते म्हणतील, आता आपल्याकडेही हेच सुरू झालंय. बरोबरच आहे. यूजीसीनं 2024 मध्ये तीन वर्षांची पदवी पाच सत्रांत आणि चार वर्षांची सहा-सात सत्रांत पुरी करायची मुभा दिली. पण यूपीएससीला बसायला 21 पूर्ण असावी लागतात, हेही त्यांना आठवून द्या. लवकर पोचलं तरी काही दारांशी थांबावंच लागतं. किती वर्षांत पदवी घ्यायची हे ठरलं की आजोबांना फोन तिनंच करावा, तुम्ही किंवा तिच्या बाबांनी नाही.

कारण वाचलेली वर्षं तिची आहेत. तिला विचारा, पण ‘तुला काय वाटतं’ असं मोघम विचारू नका. विचारा की एकोणिसाव्या वर्षी जूनमध्ये पदवी घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तू काय करणार आहेस. तिच्याकडे नेमकं उत्तर असेल, अमुक प्रयोगशाळा, अमुक अभ्यासक्रम, तर तिचं ऐका आणि माझा सल्ला बाजूला ठेवा. उत्तर ‘बघू’ असेल, तर घाई तिची नाही, घरातल्या मोठ्यांची आहे.

मैत्रिणींसाठी मात्र विद्यापीठाच्या नोव्हेंबरातल्या अर्जाची वाट बघू नका. पुढच्या क्वार्टरला 15 ऐवजी 10 क्रेडिट्स घ्यायला सांगा आणि हायस्कूलमध्ये एक तास परत सुरू करा, ऑर्केस्ट्रा, रोबॉटिक्स, तिला आवडेल ते, रोज त्याच मुलांबरोबर. दोन क्वार्टर असं केलं तर 90 ऐवजी 80 क्रेडिट्स होतील आणि असोसिएटचा कागद कदाचित हातात येणार नाही. फर्स्ट-इयर म्हणून अर्ज करताना त्या कागदावाचून तिचं काही अडत नाही, झालेली क्रेडिट्स तिचीच राहतात. तिच्या काउन्सेलरला याच आठवड्यात गाठा, नोंदणी बंद व्हायच्या आत.