आमच्या फाऊंडेशनला पैसे कोण देणार?

प्रश्न: आम्ही ऐरोलीतल्या सात-आठ जणांनी मिळून गेल्या वर्षी कंपनी कायद्याच्या सेक्शन ८ खाली (नफा न वाटणारी संस्था म्हणून) फाऊंडेशन रजिस्टर केलं, पालिकेच्या शाळेतल्या मुलांना टॅबवर गणित शिकवतो. २० टॅब घरचे पैसे घालून घेतले, त्यातले ४ बंद पडलेत आणि शिकवणाऱ्या मुलीचं मानधन दोन महिने थकलंय. महापे-रबाळेच्या कंपन्यांत सीएसआरसाठी, म्हणजे कंपन्या समाजकामाला देतात त्या पैशांसाठी, चपला झिजवल्या, सगळे म्हणतात मेल करा, पुढे काहीच नाही. अमेरिकेतले दोन नातेवाईक द्यायला तयार आहेत, घेऊ का? (एक शिक्षिका, ऐरोली)

उत्तर: ताई, आधी एक सांगते, कंपन्या परत पाठवतात त्यात तुमच्या कामात काही खोट नाहीये. सीएसआरचा नियमच असा आहे की तुमच्यासारख्या संस्थेला पैसे द्यायचे तर तिच्याकडे १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी देणारी नोंदणी) आणि ८०जी (देणगीदाराला करात सवलत देणारी मान्यता) पाहिजे, सीएसआर-१ फॉर्म भरून नंबर घेतलेला पाहिजे आणि वर तशाच कामाचा किमान ३ वर्षांचा अनुभव पाहिजे. तुम्हाला झालंय एकच वर्ष, म्हणजे समोरच्या साहेबांच्या मनात असलं तरी त्यांना देता येत नाही, आणि हे कुणी तोंडावर सांगत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. तोवर १२ए, ८०जी करून घ्या, प्रत्येक वर्गाची हजेरी आणि हिशोब नीट ठेवा, आणि ठाणे-नवी मुंबईत शिक्षणाचं काम करणारी एखादी जुनी संस्था गाठून तिच्या प्रकल्पात तुमची शाळा घेता येते का ते विचारा.

नातेवाईकांचं म्हणाल तर पासपोर्ट कुठला ते बघा. भारताचा असेल तर त्यांनी स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे परदेशी देणगी धरत नाहीत, बिनधास्त घ्या, पासपोर्टची कॉपी तेवढी फाईलला लावा. पण तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) असूनही ती परदेशी देणगी, एफसीआरए (परदेशी देणगी घ्यायची सरकारी नोंदणी) नसताना एक रुपया पण घेऊ नका, पुढे फार महागात पडतं.

आता रोजच्या खर्चाचं. माझं ऐकाल तर टॅब मागणं बंदच करा, टॅब येतात आणि कपाटात पडून राहतात, वर्ग चालतो तो त्या मुलीमुळे, तेव्हा तिचं मानधन आणि दुरुस्तीचे पैसे मागा, आणि ते शेजारच्या सोसायट्यांत जाऊन मागा. ६० घरांनी महिन्याला ३०० दिले तरी १८,००० होतात, ऑटो पे लावलं की दर महिन्याला दारात जायला नको. ८०जी मिळाल्यावर लोकांना खरं काय ते सांगा, सवलत जुन्या टॅक्स रिजीमवाल्यांनाच मिळते, २,००० च्या वर कॅश दिली तर नाही, आणि वस्तू दिली तर अजिबातच नाही. सॉफ्टवेअरवर पैसे घालवू नका हो, सरकारच्या दीक्षा पोर्टलवर मराठीतलं साहित्य फुकट आहे, आणि शाळेत नेट नसेल तर कोलिब्री नावाचं शिकवण्याचं ॲप बिननेटचं चालतं, तेही फुकट.

मुख्याध्यापकांना विचारून सोसायटीतल्या चार जणांना एकदा वर्ग चालू असताना नेऊन बसवा, आणि ते बंद पडलेले ४ टॅबही त्यांना दाखवा.