तीनशे दिवसांची स्ट्रीक, आणि इंटरव्ह्यूत गप्प

प्रश्न : मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. क्लास परवडत नाही, म्हणून दहा महिने मोबाइलवर एका ॲपवरून इंग्रजी शिकतेय. रोज दहा मिनिटं, एकही दिवस चुकवला नाही; सलग दिवसांची ही मोजणी, म्हणजे 'स्ट्रीक', ॲपवर दिसते. वाचलेलं बऱ्यापैकी कळतं. पण परवा मॉक इंटरव्ह्यूत 'स्वतःविषयी सांगा' म्हटलं आणि तोंडच उघडेना. मोबाइलवर इंग्रजी येतच नाही का?

उत्तर : येतं. पण आधी हिशेब करू. रोज दहा मिनिटं म्हणजे ३०० दिवसांत ५० तास. भाषा किती येते हे मोजणाऱ्या युरोपीय चौकटीत ए१ ते सी२ अशा सहा पायऱ्या आहेत. केंब्रिजच्या परीक्षा घेणाऱ्यांच्या ढोबळ अंदाजानुसार ए२ वरून बी१ वर, म्हणजे दुसऱ्या पायरीवरून तिसरीवर, जायलाच शिक्षकासोबतचे दीडशे-दोनशे तास लागतात. तेव्हा 'माझ्या डोक्यात भाषा शिरत नाही' हे मनातून काढून टाक.

खरी अडचण वेगळीच आहे. ॲप चार पर्याय दाखवतं, तू बरोबर उत्तरावर बोट ठेवतेस. इंटरव्ह्यूत पर्याय नसतात. एखाद्याचा चेहरा ओळखीचा वाटतो पण नाव काही केल्या आठवत नाही, तसं तुझं झालंय. आठवायची सवय वेगळी लावावी लागते.

त्यासाठी फोनमधला साधा रेकॉर्डर काढ. मॉकमधला तोच प्रश्न घे आणि एक मिनिट बोल. अडलीस तिथे सरळ मराठी शब्द वापर, थांबू नकोस. मग ऐक, मराठीत आलेले तेवढेच शब्द शोध आणि लगेच पुन्हा रेकॉर्ड कर. पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकवत नाही. माझाही मला ऐकवत नाही. तरी ती फाइल डिलीट करू नकोस, महिन्याने लागेल.

उच्चारासाठी कीबोर्डवरचा माइक वापर. भाषा इंग्रजी ठेव आणि 'शिप', 'शीप' असे सुटे शब्द बोल. जहाजाच्या जागी मेंढी उमटली तर समज, उच्चार चुकला. मराठी बोलताना ऱ्हस्व-दीर्घ आपण फारसं पाळत नाही, तो ढिलेपणा इथे पकडला जातो. पूर्ण वाक्य बोललीस तर मात्र यंत्र संदर्भावरून सावरून घेतं, त्यामुळे तिथे त्याच्या शाबासकीवर जाऊ नकोस.

ऐकण्यासाठी बीबीसी लर्निंग इंग्लिशचे सहा मिनिटांचे भाग फुकट आहेत, सोबत संहिताही मिळते. आधी नुसतं ऐक, मग संहिता वाच. उलट केलंस तर कानाला काही कामच उरत नाही.

महागडा ऑनलाइन कोर्स सध्या घेऊ नकोस. त्यापेक्षा तुझ्याइतकंच इंग्रजी येणारी एक मैत्रीण गाठ आणि आठवड्यातून दोनदा दहा मिनिटं फोनवर इंग्रजीतच बोला. रेकॉर्डर कधी मध्येच प्रश्न विचारत नाही, ती विचारेल. या गडबडीत एखाद्या रात्री ॲप उघडायचं राहिलं आणि स्ट्रीक तुटली, तर तुटू दे.