हिवाळ्यात अलिबागजवळ रानहंस आणि पाणपक्षी कुठे व किती वाजता पाहावेत?

आपण जानेवारीत दोन दिवसांसाठी अलिबागला येणार आहात, रानहंस आणि पाणपक्षी पाहायचे आहेत, आणि पहाटे किती वाजता किनाऱ्यावर पोहोचावे असे विचारले आहे. हंसांचे आधी उरकतो. डोक्यामागे दोन काळे पट्टे असलेला, हिमालय ओलांडून येणारा पट्टकदंब हा मुळात चरणारा पक्षी आहे. त्याला गोड्या पाण्याचा विस्तीर्ण फुगवटा, काठाला कोवळे गवत आणि जवळपास शेते लागतात; आमच्याकडे आहेत खाजणे, खारा चिखल आणि वाळूची पुळण. चुकूनमाकून एखादा उतरलाच, तर त्याची वाट चुकली असे समजावे. हंसच पाहायचे असतील तर घाट चढून नांदूर मधमेश्वरला किंवा जायकवाडीला जावे.

आपल्या प्रश्नातील 'पहाटे' हा शब्द मात्र मला झोंबला, आणि खरे सांगायचे तर त्यासाठीच लिहायला बसलो आहे.

आमचे भाऊजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, निफाडचे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरचे नांदूर मधमेश्वर त्यांच्या घरापासून मोटारसायकलने अर्ध्या तासावर आहे, आणि २०२० साली ते महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झाल्यापासून पक्ष्यांच्या बाबतीत त्यांच्यापुढे कोणी बोलायची सोय उरलेली नाही. चार वर्षांपूर्वी पौष पौर्णिमेला ते सहकुटुंब आमच्याकडे आले होते. पक्षी पहाटेच पाहायचे असतात हा त्यांचा सिद्धांत. म्हणून साडेचारला सगळ्यांना उठवले, हप्त्यावर घेतलेली दुर्बीण तिपाईसह गाडीत घातली. स्वयंपाकघरातून आईने फक्त एवढेच विचारले, "सुकतीला कुठे निघालात?" सासूबाईंना भरती-ओहोटीतले काय कळते, अशा चेहऱ्याने भाऊजी हसले.

अलिबागजवळच्या आक्षी गावच्या सुरूच्या झाडांतून आम्ही पुळणीवर आलो तेव्हा समुद्र जवळजवळ नव्हताच. पौर्णिमेची ओहोटी, ती पार क्षितिजाला टेकलेली. मधल्या ओल्या वाळूवर दूर काही ठिपके हलत होते. भाऊजींनी त्यांना कुरव, म्हणजे सीगल, ठरवले, भाच्याने जाळ्यांचे बोये ठरवले, आणि त्या अंतरावरून दोघांपैकी कोणालाही खोटे पाडणे शक्य नव्हते. आठपर्यंत सगळे परतले. पोहे खाताना भाऊजींनी निकाल दिला: "कोकणात मासे खावेत, पक्षी पाहू नयेत."

मी अकराच्या सुमारास सायकल काढून एकटाच परत गेलो. पाणी सुरूंच्या दिशेने चढत होते आणि सकाळी मैलभर पसरलेले सगळे पक्षी त्या पाण्याने हाकलून एका चिंचोळ्या कोरड्या पट्टीवर आणून बसवले होते. तपकिरी डोक्याचे कुरव वाऱ्याकडे चोची करून ओळीने उभे होते. त्यांच्यात पाच-सहा कालवफोडे (ऑयस्टरकॅचर), काळेपांढरे, लांब लालभडक चोच पिसांत खुपसून एका पायावर झोपलेले. सर्वांत जवळ, माझ्यापासून पंधरा-वीस पावलांवर, छोटे चिखले (प्लोव्हर) वाऱ्यापासून आडोसा म्हणून वाळूतल्या खळग्यांत बसले होते, एकेका खळग्यात एकेक. आणि ते खळगे म्हणजे सकाळी आमच्याच पायांनी उमटवलेले ठसे होते. मी भाऊजींना फोन केला. ते सुरमईच्या ताटावर होते. ते आले तेव्हा दोन वाजून गेले होते, पाणी उतरू लागले होते, थवा पांगला होता. मी हे सगळे रचून सांगतो असे त्यांचे आजही मत आहे.

तर, वेळ घड्याळावर ठरवू नये, तिथीवर ठरवावी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. हे आमच्याकडे शाळेत न गेलेल्या माणसालाही येते. भरतीच्या आधी दोन तास जाऊन सुरूंच्या कडेला स्वस्थ बसावे. पक्षी आपणहून जवळ येतात. ओहोटीला ते खाण्यासाठी दूरवर विखुरतात आणि आपण त्यांच्या मागे चिखलात गेलो तर ते आणखी दूर जातात, त्यांची खाण्याची वेळही वाया जाते. मोठ्या दुर्बिणींनी यात काडीचा फरक पडत नाही.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. पाऊणपटीचा हिशेब अर्धा-पाऊण तास चुकू शकतो, आणि तळकोकणात भरती आमच्या आधी येते, पाण्याचा चढउतारही कमी असतो. तिकडे जाणार असाल तर छापील तक्ता पाहावा. आमचा किनारा पश्चिमेला तोंड करून आहे, त्यामुळे दुपारनंतर सूर्य डोळ्यांवर येतो आणि पक्ष्यांच्या नुसत्या काळ्या आकृत्या दिसतात. त्या दृष्टीने द्वादशी-त्रयोदशी उत्तम: भरती नऊ-पावणेदहाला, ऊन पाठीशी, सातला जाऊन बसले की झाले. म्हणजे वर्षातले काही दिवस भाऊजींचा सिद्धांतही बरोबर ठरतो, हे मान्य करतो. फणसाडच्या रानात किंवा नांदूरच्या बंधाऱ्यावर तर तो बरोबरच आहे. शनिवार-रविवार टाळावेत, घोडागाड्या आणि मोकाट कुत्री थवा टिकू देत नाहीत.

गेल्या हिवाळ्यात भाऊजींनी ठाणे खाडीतले रोहित (फ्लेमिंगो) पाहण्यासाठी ऐरोलीहून बोटीचे आरक्षण केले. तिथल्या फेऱ्या भरती पाहून ठरतात. त्यांना दुपारी साडेबाराची मिळाली. ती त्यांनी निमूट घेतली. मला रोहितांचे अकरा फोटो पाठवले, वेळेविषयी एक अक्षर नाही.